मोतीबिंदूची लेन्स ठरवण्याआधी टेप घेऊन बसा

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी मी टेप काढली आणि बायकोला म्हटलं, "मी कामाला बसतो तसा बसतो. माझ्या डोळ्यापासून हातातल्या दागिन्याच्या पानडीपर्यंत मोज." ३३ सेंटीमीटर भरले. हिशेबाची वही ४५. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा सव्वा मीटर. टीव्ही तीन मीटर. चार आकडे चिठ्ठीवर लिहून नेले आणि माझ्या डोळ्यातली लेन्स त्या चिठ्ठीवरच ठरली. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला सांगतो.

मी कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, कोल्हापुरी साज घडवतो. साजाच्या पानड्या, म्हणजे त्यात ओवलेल्या छोट्या नक्षीच्या आकृत्या, २१. त्यातला मासा, कासव जरा ढोबळ चालतात, पण भुंग्याच्या पंखावरची रेघ केसाएवढी असते. शाळेत असल्यापासून मला उणे तीनचा नंबर. त्यामुळं बारीक काम आलं की चष्मा कपाळावर सरकवायचा आणि उघड्या डोळ्यानं करायचं, ही आयुष्यभराची सवय.

साध्या लेन्सला मोनोफोकल म्हणतात. तिच्यातून एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं. ते अंतर कोणतं, हे ऑपरेशनच्या आधी ठरतं, आणि तुम्ही काही बोलला नाहीत तर बहुतेक वेळा लांबचं धरतात. आमच्या बोळातल्या एका थोरल्या कारागिरांचं असंच झालं. त्यांनाही माझ्यासारखाच उणे नंबर होता. ऑपरेशन उत्तम झालं, अंबाबाईचं शिखर लांबून बिनचष्म्याचं लख्ख दिसायला लागलं, आणि हातातली पानडी मात्र धुरकट. चाळीस वर्षं उघड्या डोळ्यानं झाळ देऊन सोनं जोडलेल्या माणसाला आता चष्म्याशिवाय चिमटा धरता येत नाही. डॉक्टर चुकले नाहीत. काकांनी आपलं काम सांगितलं नाही आणि तिकडं कुणी विचारलंही नाही. त्यांच्याकडं बघूनच मी जागा झालो.

हिशेब सोपा आहे. ऑपरेशननंतर डोळ्याला जो उणे नंबर ठेवायचा, त्यानं शंभरला भागा, म्हणजे स्पष्ट दिसण्याचं अंतर सेंटीमीटरमध्ये मिळतं. उणे अडीच ठेवला तर ४० सेंटीमीटर, उणे तीन ठेवला तर ३३. मी डॉक्टरांना म्हटलं, "मला लांबचा चष्मा चालेल, जवळचा नको. उणे तीन ठेवा." त्यांनी चिठ्ठी बघितली, दोन प्रश्न विचारले आणि होकार दिला. गाडीवर बसताना आजही चष्मा लावतो. तो जन्मभर लावतोच आहे.

आता महागड्या लेन्सबद्दल. मल्टिफोकल, ट्रायफोकल लेन्स डोळ्यात येणारा प्रकाश वाटून लांब, मधलं आणि जवळचं दाखवते. माझ्या मेहुणीनं ती बसवली. ती शिवणकाम करते, मोबाइल बघते, रात्री गाडी चालवत नाही, पडदा निरोगी. ती खूश आहे, चष्मा कपाटात पडून असतो. माझे थोरले मेहुणे मात्र शाहू मार्केट यार्डातून रात्रीचा गुळाचा ट्रक नेतात. त्यांना एका ठिकाणी "सगळ्यात भारी घ्या" म्हणून तीच लेन्स बसवली. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती त्यांना कडी दिसायला लागली. बऱ्याच जणांना काही महिन्यांत त्याची सवय होते, त्यांना झाली नाही. रात्रीच्या फेऱ्या सोडाव्या लागल्या. धंदा रात्रीच्या रस्त्यावरचा आहे, हे ऐकून तरी कुणीतरी थांबायला हवं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

वाटून दिलेल्या प्रकाशात फिकट रंगांतला फरकही थोडा कमी कळतो. म्हणून काचबिंदू असेल, मधुमेहानं पडदा बिघडला असेल किंवा पडद्याच्या मध्यावर सूज असेल, तर मल्टिफोकलच्या फंदात सहसा पडू नये. पडद्याची ओसीटी तपासणी, म्हणजे प्रकाशानं पडद्याच्या थरांचं चित्र काढतात ती, आधी करून घ्या. इडॉफ नावाची एक मधली वाट आहे. लांबचं आणि कॉम्प्युटरचं चांगलं दिसतं, कडी कमी असतात, पण बारीक अक्षराला पातळ चष्मा लागतोच. एक डोळा लांबचा, एक जवळचा असाही पर्याय देतात. तो आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस जगून बघितल्याशिवाय घेऊ नका.

सिलिंडरचा नंबर, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा नंबर, दीडच्या पुढं असेल तर तो वाकडेपणा भरून काढणाऱ्या टॉरिक लेन्सला पैसे घालणं मला पटतं. ती नेमक्या कोनात बसावी लागते. एक अंश फिरली तरी सुमारे तीन टक्के गुण जातो, ३० अंश फिरली तर सगळा. म्हणून तुम्हाला आडवं करायच्या आधी बसवून डोळ्यावर शाईची खूण करतात. आडवं झाल्यावर डोळा किंचित फिरतो.

लेन्स कोणतीही घ्या, मोजमाप चुकलं तर सगळं वाया. डोळ्याच्या लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबरात जवळपास अडीच-तीनचा फरक पडतो. सोन्याच्या काट्यावर असली चूक आम्ही खपवून घेत नाही, मग डोळ्यात कशाला? कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजणीआधी किती दिवस बंद ठेवायची ते विचारा. डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर औषध घ्या. आकडा शंकास्पद वाटला तर पुन्हा मोजायला सांगताना लाजू नका.

आणि साधी लेन्स म्हणजे हलकी लेन्स, हा समज काढून टाका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा शिबिरात साधी लेन्स मिळाली म्हणून आपण कमी पडलो असं समजू नका. मदुराईचं ऑरोलॅब १९९२ पासून लेन्स बनवतंय. देशी म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही. विमा असेल तर कोणत्या लेन्सचे किती पैसे मिळणार, हे आधी लेखी घ्या. मल्टिफोकलचा वरचा खर्च बऱ्याचदा खिशातूनच जातो.

दोन्ही डोळे करायचे असतील तर पहिल्याचा नंबर स्थिर होऊ द्या. माझा पहिला डोळा उणे तीनऐवजी अडीचवर थांबला, म्हणजे ४० सेंटीमीटर. वहीला उत्तम, पानडीला हात थोडा लांब धरावा लागायचा. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तो फरक धरून पॉवर निवडली आणि तो डोळा बरोबर तीनवर आला. डिस्चार्जच्या वेळी लेन्सचं स्टिकर लावलेलं कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, पॉवर आणि लेन्सचा सिरियल नंबर असतो. माझी दोन्ही कार्डं दुकानाच्या तिजोरीत, साजाच्या जुन्या साच्यांशेजारी आहेत.