ट्रेलर ओढताना डिझेल कुठे जातं

मागे कॅरॅव्हॅन (राहायची सोय असलेला ट्रेलर) जोडली की सगळ्यात मोठा खर्च हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी १०० वरून ८० वर आलात की तो ६४ टक्क्यांवर येतो. माझ्या गाडीला सर्वात जास्त फरक यानेच पडला; बाकीचे उपाय यापुढे किरकोळ.

तरी एक गोष्ट हमखास राहते: ट्रेलरचे न दाबताही घासणारे ब्रेक. वीसेक किलोमीटरनंतर, शक्यतो ब्रेक न दाबता हळूहळू थांबा आणि हात प्रत्येक चाकाच्या हबच्या (चाकाचा मधला भाग) जवळ न्या, टेकवू नका. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेकचा शू (दाबून चाक थांबवणारा भाग) चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला घासतोय किंवा बेअरिंग जाम आहे. गाडीला जोडलेलं असतानाच उरलेल्या चाकांना अडण्या लावा, जॅक लावा, चाक हाताने फिरवा. ब्रेकचा अडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा भाग) आधी चाक फिरायचं थांबेपर्यंत आवळून मग हलकी घासट ऐकू येईल इतकाच सैल करा. फार सैल केलात तर ब्रेक उशिरा लागतील.

टायरमधली हवा टायर थंड असतानाच तपासा. पाण्याची टाकी रिकामी ठेवा, १०० लिटर म्हणजे १०० किलो. चढावर क्रूझ कंट्रोल बंद. ते वेग टिकवायला उगाच गिअर पाडतं. मायलेज मात्र डिझेलची टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजा, डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा आशावादी असतो.