बिऱ्हाडांसकट वाडा घेताना

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला आमचा वाडा घेतला तेव्हा त्यात तीन बिऱ्हाडं होती. आजही दोन आहेत. त्यामुळं जुना वाडा घ्यायचाय म्हणून कुणी विचारायला आलं, की मी आधी एकच सांगते: किंमत विचारायच्या आधी बिऱ्हाडांकडं जाऊन बसा. चहा घ्या, घाई करू नका.

एजंट म्हणतो, “भाडेकरू काय, निघतील की.” निघत नाहीत, आणि त्यांनी का निघावं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. मालक बदलला म्हणून त्यात भाडेकरू उठत नाही. भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडं जागा जाते. उठवायचं तर कोर्टात जायचं, तेही कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच. भाडं वर्षाला 4 टक्के वाढवता येतं, म्हणजे 60 रुपयांचे 62 रुपये 40 पैसे. या भाड्यावर कर्जाचा हप्ता फिटेल असा हिशेब मांडू नका.

आमच्याकडं न्हाणीलगतच्या खोलीत आक्का राहतात. पहिल्या भेटीतच त्यांनी ट्रंक उघडून भाड्याच्या पावत्या काढल्या, सालवार दोऱ्यानं बांधलेल्या. मग सहज म्हणाल्या, “मालकाला एक बहीण हाय न्हवं, निपाणीला दिलेली. तिला इचारलंसा का?” आम्हाला दोन भावांचीच नावं सांगितली होती. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, तर अजून त्यांच्या आजोबांचंच नाव होतं. मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही. निपाणीला दोन खेपा झाल्या. बाई मनानं चांगल्या होत्या, फक्त कुणी विचारलं नव्हतं म्हणून दुखावल्या होत्या. त्यांनी स्वतः येऊन खरेदीखतावर सही केली. तसं जमत नसेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या, साध्या कागदावरची संमती नको.

कागदांत आधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. घरफाळ्याच्या पावतीवर नाव आहे म्हणजे मालकी आहे असं नव्हे, यात पेठेतली जाणती माणसंही फसलीत. वकिलाकडून 30 वर्षांच्या नोंदलेल्या व्यवहारांचा सर्च करून घ्या, पेपरात जाहीर नोटीस द्या. पत्रिकेवरचं क्षेत्र टेप लावून स्वतः मोजा. शेजाऱ्याची सामाईक भिंत, बोळ, गटार, आड कुणाच्या हद्दीत आहे तेही बघा. महापालिकेच्या नगररचना विभागात तीन गोष्टी विचारा: रस्तारुंदीची रेषा वाड्यातून जाते का, वाडा वारसा यादीत आहे का, धोकादायक इमारतीची नोटीस निघाली आहे का. अंबाबाई मंदिराच्या आसपास घेणार असाल तर भूसंपादनाची चौकशी केल्याशिवाय इसार देऊ नका. आता तिकडं ज्याला त्याला यात्री निवास काढायचाय, आणि भाव त्याच आशेवर सांगितले जातात.

नदीच्या अंगाला, गंगावेशीच्या पुढं किंवा शुक्रवार पेठेत बघत असाल तर 2019 आणि 2021 चं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते शेजाऱ्याला विचारा. विकणारा सांगणार नाही. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43 हे आपल्याला पाठ असतं. पण घर घेताना आपल्या उंबऱ्याची उंची त्याच्याशी ताडून बघायला हवी.

बांधकाम बघायला इंजिनिअर न्याच, पण सोबत जुना सुतार न्या. आमच्या सुतारानं वासल्याच्या पाठीनं एकेक खांब वाजवला. चांगलं सागवान टणटणीत बोलतं. माजघरातला एक खांब मात्र भद वाजला. त्यानं तळखड्याजवळ पटाशी लावली तर ती बोटभर आत गेली, आणि आतून वाळवीची माती सांडली. वरून ऑइलपेंट चकचकीत होता. त्या एका आवाजानं किंमत खाली आली. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर जास्त सावध व्हा. ओल आत कोंडते, गिलावा फुगतो आणि भिंत आतून सुटत जाते. आम्ही तो सगळा काढून चुन्याचा केला. खर्च झाला, पण दुसऱ्या पावसाळ्यात भिंती कोरड्या राहिल्या.

कर्जावर विसंबू नका. बँकेनं आमच्या इमारतीची किंमत जवळपास शून्य धरली, फक्त जागेचं मूल्य लावलं. दुरुस्तीचे पैसे वेगळे काढून ठेवा, आधी छप्पर करा. छपराचं काम चालू असताना बिऱ्हाडं कुठं राहणार आणि परत त्याच खोलीत येणार, हे लिहून द्या. तोंडी शब्दावर म्हातारी माणसं खोली सोडत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

खरेदीखतात भाडेकरूंची नावं, त्यांच्या ताब्यातल्या खोल्या आणि भाडं यांचा उल्लेख करून घ्या. आमच्या खतात “न्हाणीलगतची 10 बाय 12 ची खोली” असं आहे. त्या पानाची झेरॉक्स मी आक्कांना दिली. ट्रंकेत पावत्यांच्या अगदी वर त्यांनी ती ठेवलीय.