जूनमध्ये शाळेची घडी बसवताना या चुका टाळा

विदर्भ वगळता राज्यातील बहुतेक शाळा साधारणपणे 15 जूनच्या सुमारास उघडतात, तर विदर्भातील शाळा कडक उन्हामुळे जूनच्या अखेरीस सुरू होतात. तारीख कोणतीही असो, प्राथमिकच्या वर्गात पहिल्या आठवड्याचे चित्र दरवर्षी सारखेच असते. दप्तर, बूट, रेनकोट सारे काही कोरे करकरीत असते, आणि परिपाठ संपण्याच्या आतच मुलांचे डोळे मिटू लागतात. या वर्गांना शिकवताना माझे मत पक्के झाले आहे की पालक खरेदीची तयारी महिनाभर आधीपासून करतात, पण मुलाच्या शरीराची तयारी मात्र आदल्या रात्रीवर सोडून देतात.

सर्वांत मोठी चूक तीच आहे. सुट्टीभर रात्री बारापर्यंत जागलेल्या मुलाला आदल्या दिवशी नऊ वाजता दिवा घालवून झोपवले, तर ते नुसते अंथरुणात पडून राहते. झोपेची वेळ झाल्याचा इशारा देणारे मेलाटोनिन शरीरात कधी तयार व्हावे, हे आईवडिलांच्या आज्ञेवरून ठरत नाही. मूल सकाळी किती वाजता उठते आणि त्याच्या डोळ्यांवर उजेड केव्हा पडतो, यावर ते बरेचसे अवलंबून असते. म्हणून सुरुवात रात्रीकडून न करता सकाळकडून करावी. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे आधी उठवावे, उठल्यावर लगेच गॅलरीत किंवा अंगणात न्यावे, दुपारची झोप पूर्ण बंद करावी आणि रात्रीचे जेवण आठच्या आत उरकावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप लागते. याचा अर्थ असा की, सहाला उठायचे असेल तर नऊला मूल झोपलेले असायला हवे. नऊला त्याचे दात घासणे सुरू झाले तर हिशेब चुकलाच.

माझ्या वर्गातील तिसरीचा एक मुलगा या चुकीमुळे किती भोगतो, हे मी जवळून पाहिले आहे. आईवडील दोघेही लोकलने नोकरीला जाणारे. सुट्टीभर मुलगा गावी होता आणि शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी रात्रीच्या एस.टी.ने परतला. सकाळी पावणेसहाला त्याला अक्षरशः उचलून बसवले, दोन घोट दूध बळेच पाजले आणि व्हॅनमध्ये बसवून दिले. परिपाठाच्या रांगेत त्याला उलटी झाली. आईने पोट बिघडले असे समजून त्याला दोन दिवस घरी ठेवले. त्या दोन दिवसांत तो दहापर्यंत झोपला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. त्यानंतर त्याचा डबा न उघडताच घरी परत जाऊ लागला, पहिल्या तासाला तो बाकावर डोके टेकून बसू लागला, आणि घरच्यांनी निष्कर्ष काढला की मुलाला नवीन वर्ग आवडत नाही. जुलै उजाडेपर्यंत हे असेच चालले. शेवटी आजीने सूत्रे हाती घेतली. रविवार असो वा सुट्टी, ती त्याला रोज सहाला उठवू लागली, दुधाच्या पिशव्या आणायला सोबत नेऊ लागली, दुपारी काही केल्या आडवे होऊ देईनाशी झाली. पुढच्या आठवड्याच्या अखेरीस त्याचा डबा रिकामा जाऊ लागला. ज्या पालकांना ‘दोन दिवसांत होईल सवय’ असे वाटते, त्यांनी या मुलाचा तो पहिला पंधरवडा डोळ्यांसमोर आणावा.

2024-25 या शैक्षणिक वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे शासनाचे निर्देश आहेत. त्यामुळे काही घरांत नवीच अडचण उभी राहिली आहे, कारण थोरल्या मुलाची शाळा सातची असते आणि धाकट्याची नऊची. अशा घरात धाकट्याला ‘झोपू दे, त्याला वेळ आहे’ म्हणून साडेआठपर्यंत झोपू देतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात सारे घर धावपळ करते. थोरला निघाल्यावर लगेच धाकट्याला उठवावे. त्याला सावकाश खाता येते, शौचाला घरीच जाता येते, आणि मला या दोन गोष्टी कोणत्याही शिकवणीपेक्षा महत्त्वाच्या वाटतात.

बुटांच्या बाबतीत काटकसर चुकीच्या जागी होते. ‘वर्षभर पुरतील’ म्हणून दोन नंबर मोठे बूट घेतले की मूल पाय घासत चालते, पावसात घसरते आणि टाच सोलवटून घेते. दोन्ही पायांत मोजे घालून, उभे करून माप घ्यावे. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. नवे बूट पहिल्यांदा शाळेच्या दिवशी कधीही घालू देऊ नयेत. घरात रोज तासभर घालून फिरायला लावणे हा माझा आग्रह असतो. भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत; चुलीजवळ किंवा हीटरपुढे वाळवलेल्या बुटाचा तळवा सुटतो.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे, असे 2020 च्या केंद्रीय धोरणात म्हटले आहे. 25 किलोच्या मुलासाठी ही मर्यादा अडीच किलो होते, आणि त्यातला एक किलो लिटरभर पाण्याची बाटलीच खाते. रोज रात्री वेळापत्रक पाहून मुलाने स्वतः दप्तर भरावे. आईने भरून देण्याची घाई मला अजिबात मान्य नाही. त्याला वीस मिनिटे लागली तरी लागू द्यावीत.

डब्याचे झाकण मुलाला स्वतःला उघडता येते का, हे विकत घेण्याआधी दुकानातच पाहावे. छत्री, रेनकोट आणि बाटलीवर नाव घालावे. रंगीत दिनक्रमाचे तक्ते फ्रिजवर लावण्यात वेळ घालवू नये, कारण आठवडाभरानंतर त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

शाळा सुरू झाल्यानंतरचा पहिला रविवार मात्र जपावा. त्या दिवशी पाहुण्यांकडे जाऊन रात्री अकराला परतू नये, आणि सकाळी मुलाला नेहमीच्या वेळेपेक्षा तासाभराहून जास्त झोपू देऊ नये.