गोडाउन भरलेलं, तरी हवा तो माल नाही: साठ्याच्या नियोजनात या चुका टाळा

गोडाउनमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि ग्राहक मागतोय तो माल मात्र शिल्लक नाही. ही तक्रार आली की पर्चेस, सेल्स, वेअरहाऊस सगळे एकाच सुरात सांगतात, "मागणीच बेभरवशाची आहे." कधी कधी ते खरंही असतं. पण मोजायला बसलं की बहुतेक वेळा दिसतं ते वेगळंच. ग्राहक जेवढा हलला, त्याच्या कितीतरी पट आपल्या ऑर्डरी हललेल्या असतात.

म्हणून काहीही दुरुस्त करण्याआधी एक तपासणी करा. एक चालता आयटम घ्या. त्याची वर्षभराची महिन्यावार विक्री आणि पुरवठादाराला दिलेल्या महिन्यावार ऑर्डरी शेजारीशेजारी मांडा. दोन्हींचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती वरखाली होतात, त्याचं माप) काढा, एक्सेलमध्ये हे मिनिटाभराचं काम आहे. ऑर्डरींचा आकडा विक्रीच्या दुप्पट-तिप्पट निघाला, तर बाजाराला दोष देणं थांबवा. तो चढउतार आपण घरातच तयार केला आहे.

याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी 1961 मध्येच ही यंत्रणा मांडली होती. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला हेच पॅम्पर्स डायपरच्या बाबतीत आढळलं. बाळांचा वापर जवळपास स्थिर, दुकानांतल्या विक्रीत थोडाच फरक, पण वितरकांच्या ऑर्डरी भरपूर वरखाली आणि कंपनीने कच्च्या मालासाठी दिलेल्या ऑर्डरी त्याहूनही जास्त. पुरवठ्याच्या साखळीत ग्राहकापासून जितकं मागे जावं तितकी लाट मोठी.

चूक 1: विक्रीलाच मागणी समजणं

सिस्टीममध्ये नोंद होते ती विक्रीची. माल संपल्यामुळे परत गेलेल्या ग्राहकाची नोंद कुठेच नसते. समजा, एका आयटमचे महिन्यात 120 नग विकले गेले. 30 दिवसांनी भागलं की रोजचे 4. पण त्यातले 10 दिवस स्टॉक शून्य होता, म्हणजे 120 नग 20 दिवसांत गेले आणि खरी मागणी रोज 6 ची होती. फोरकास्ट, म्हणजे मागणीचा अंदाज, मात्र 4 वर चालतो, पुढच्या महिन्याला पुन्हा 120 च येतात आणि पुन्हा विसाव्या दिवशी माल संपतो. वर रिपोर्टमध्ये फोरकास्ट अगदी अचूक दिसतो: 120 चा अंदाज, 120 ची विक्री! हा आयटम कधीच तक्रारीत येत नाही, म्हणून मला ही चूक सगळ्यांत घातक वाटते.

उपाय सोपा आहे. सरासरी काढताना शून्य स्टॉकचे दिवस वगळा. आणि त्याच दिवसांत पर्यायी आयटमची विक्री फुगली होती का, तेही बघा. ती फुगलेली विक्री धरून चाललात, तर त्या आयटमचा डेड स्टॉक (न खपता पडून राहणारा माल) होईल.

चूक 2: सगळ्यांना सरसकट "15 दिवसांचा साठा"

रोज ठरावीक खपणारा आयटम आणि महिन्यातून दोनदाच पण एकदम मोठ्या संख्येने जाणारा आयटम, दोघांची सरासरी एकच असू शकते. दोघांना सारखाच सेफ्टी स्टॉक (अनपेक्षित चढउतारासाठी ठेवलेला जादा साठा) दिला, तर पहिल्यात पैसा अडकतो आणि दुसरा ऐनवेळी दगा देतो. सेफ्टी स्टॉक सरासरीवर न ठरवता चढउतारावर ठरवायचा असतो.

तुरळक खपाच्या आयटमला, विशेषतः सुट्या भागांना, साधी सरासरीची पद्धत लावूच नका. क्रॉस्टन यांनी 1972 मध्ये सुचवलेली पद्धत त्यासाठीच आहे: मागणी किती दिवसांनी येते आणि आली की किती नगांची येते, याचे अंदाज वेगवेगळे ठेवायचे.

चूक 3: लीड टाइमचा चढउतार हिशेबातच नसणं

इथे थोडं थांबून आकडेमोड करू, कारण सगळ्यांत जास्त पैसा इथेच वाचतो.

रोजची सरासरी मागणी 40 नग, तिचं प्रमाण विचलन 10. पुरवठादाराचा लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ, 9 दिवस. ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत 95 टक्के वेळा स्टॉक पुरला पाहिजे, असं ठरवलं तर सांख्यिकीच्या तक्त्यातून (नॉर्मल वितरण) गुणक 1.645 येतो. बहुतेक ठिकाणी सेफ्टी स्टॉकचं सूत्र इथेच संपतं: 1.645 गुणिले 10 गुणिले 9 चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 49 नग.

पण माल दर वेळी नवव्या दिवशी येतो का? कधी सहाव्या, कधी बाराव्या दिवशी येत असेल आणि लीड टाइमचं प्रमाण विचलन 3 दिवस असेल, तर तेही धरावं लागतं. 9 गुणिले 10 चा वर्ग म्हणजे 900. 40 चा वर्ग गुणिले 3 चा वर्ग म्हणजे 14,400. बेरीज 15,300, तिचं वर्गमूळ सुमारे 123.7, आणि गुणक लावला की 203 नग. म्हणजे 49 च्या भरवशावर बसलेल्या माणसाकडे गरजेच्या पाव हिस्साच साठा आहे.

आता बघा, सुधारणा कुठे करायची. फोरकास्टवर जिवापाड मेहनत घेतली आणि मागणीचं विचलन 10 वरून 5 वर आणलं, तर 203 चे 199 होतात. चार नग वाचले. त्याऐवजी पुरवठादाराशी बोलून विचलन 3 दिवसांवरून 1 दिवसावर आणलं, तर 203 चे थेट 82 होतात. आयटमनुसार आकडे बदलतील, पण महागडं फोरकास्ट सॉफ्टवेअर घेण्याआधी प्रत्येक पुरवठादाराच्या ऑर्डरची तारीख आणि माल आल्याची तारीख यांतला फरक एकदा मांडाच. ही माहिती तुमच्या जीआरएनमध्ये (माल मिळाल्याच्या पावतीत) आधीच पडलेली आहे.

चूक 4: वाटेवरचा माल विसरणं

स्टॉक खाली गेला, ऑर्डर दिली. माल आला नाही, काळजी वाटली, पुन्हा ऑर्डर दिली. मग दोन्ही एकदम आले. एमआयटीत सुरू झालेल्या बिअर गेममध्ये, म्हणजे पुरवठा साखळी चालवून बघण्याच्या खेळात, हे इतकं स्वच्छ दिसतं की नव्या टीमला तो एकदा जरूर खेळायला लावावा. त्यात ग्राहकाची मागणी फक्त एकदाच बदलते, आठवड्याला 4 पेट्यांवरून 8 वर, आणि मग शेवटपर्यंत तिथेच राहते. तरीही साखळीत आधी हाहाकार आणि नंतर डोंगराएवढा साठा. जॉन स्टरमन यांनी 1989 मध्ये या खेळाचं विश्लेषण केलं. खेळाडू आधी दिलेल्या, पण अजून न पोहोचलेल्या ऑर्डरींना पुरेसं महत्त्व देत नाहीत, हे त्यातून पुढे आलं.

रीऑर्डर पॉइंटशी (साठा ज्या पातळीला आला की नवी ऑर्डर द्यायची, तिच्याशी) ताडायचा आकडा हातातल्या मालाचा नसतो. हातातला माल, अधिक वाटेवरचा, वजा ग्राहकांना द्यायचा बाकी राहिलेला, हा आकडा धरा. आणि जुन्या, कधीच येणार नसलेल्या पेंडिंग ऑर्डरी सिस्टीममधून बंद करा. नाहीतर हाच आकडा उलट्या बाजूने फसवतो.

चूक 5: महिनाअखेरीचं टार्गेट

यावर फार लिहायला नको. शेवटच्या आठवड्यात सवलत देऊन वितरकाच्या गळ्यात माल मारला, की पुढच्या महिन्याचे पहिले दोन आठवडे कोरडे जाणारच. फोरकास्टला मात्र हा "सीझन" वाटतो. स्कीमची विक्री वेगळ्या खुणेने नोंदवा.

चूक 6: टंचाईतल्या ऑर्डरींवर विश्वास ठेवणं

माल कमी आहे आणि मागितल्याच्या निम्माच मिळणार, हे कळलं की हुशार खरेदीदार दुप्पट मागतो, शिवाय दुसरीकडेही ऑर्डर टाकून ठेवतो. पुरवठा सुरळीत झाला की या ऑर्डरी रातोरात रद्द होतात. नेटवर्किंग उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने 2001 मध्ये सुमारे 2.2 अब्ज डॉलरचा साठा बुडीत धरला. त्यामागे कोसळलेला बाजार होताच, पण टंचाईच्या काळात फुगलेल्या ऑर्डरींना खरी मागणी मानून केलेली खरेदीही होती.

अशा वेळी वाटप ऑर्डरच्या प्रमाणात करू नका, टंचाईआधीच्या विक्रीच्या प्रमाणात करा. जास्त मागून जास्त मिळत नाही हे कळलं, की फुगवून मागण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांचा तुमचा पुरवठा किती असेल, हेही ग्राहकांना खरं-खरं सांगा. आणि ठरावीक मुदतीनंतर ऑर्डर फुकट रद्द करता येणार नाही, ही अट माल मुबलक असतानाच करारात घालून घ्या. टंचाई सुरू झाल्यावर ती घालायला गेलात, तर समोरचा सही करणार नाही.