कॉम्प्युटरसाठी पत्र्याचं छोटं कॅबिनेट स्वतः बनवताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या कॅबिनेटचं झाकण अजून घरात आहे. उन्हाळ्यात आई त्यात सांडगे वाळत घालते. काळं पावडर कोटिंग, कडा वळवलेल्या, चारही कोपरे काटकोनात. ताट म्हणून उत्तम झालंय. झाकण म्हणून मात्र ते एक दिवसही बसलं नाही, कारण त्याची आतली रुंदी १८०.५ मिमी होती आणि ज्या तळावर ते बसायचं तो १८२ च्या वर भरला.

बेळगाव फाउंड्री आणि मशीन शॉपचं गाव. उद्यमबागेत लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग अशी तिन्ही कामं जवळजवळ उरकतात. फाइल बरोबर असेल तर खानापूर-निपाणीकडून येणाऱ्यालाही फार फेऱ्या माराव्या लागू नयेत. मला सात माराव्या लागल्या. खालचं सगळं त्या सात फेऱ्यांतलं आहे. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० × १७० मिमी, पॉवर सप्लाय एसएफएक्स, म्हणजे १२५ × १०० × ६३.५ मिमी, आणि डबा आठेक लिटरचा, असं धरून चाला.

बेंडचं माप वजा न करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

प्रेस ब्रेकवरच्या, म्हणजे पत्रा वळवायच्या मशीनवरच्या, अण्णांनी माझं ड्रॉइंग हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ओळगे? होरगे?" म्हणजे माप आतलं की बाहेरचं. मी म्हटलं, "अण्णा, ड्रॉइंगमध्ये आहे तसंच करा की." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मान हलवली आणि पेडल दाबलं. ड्रॉइंगमध्ये ते लिहिलेलंच नव्हतं.

मला १.२ मिमीच्या पत्र्याचा इंग्रजी यू आकाराचा तळ हवा होता: बाहेरून रुंदी १८०, दोन्ही बाजूंच्या भिंती ६० उंच. मी सरळ बेरीज केली, ६० अधिक १८० अधिक ६०, आणि ३०० मिमीचा पत्रा कापून घेतला. दोन्ही टोकांपासून ६० वर बेंडची रेघ मारली. पण वळताना कोपऱ्यात पत्रा गोल फिरतो, त्यामुळे बाहेरच्या मापांची बेरीज करून जेवढी लांबी येते तेवढी त्याला लागतच नाही. आतली गोलाई १.२ मिमी आणि के-फॅक्टर (वळताना न ताणला जाणारा थर आतून जाडीच्या किती हिश्शावर आहे तो आकडा) ०.४ धरला तर वळणात खर्च होतो २.६४ मिमी. बाहेरून मोजताना तेच वळण दोन्ही भिंतींत मिळून ४.८ मिमी मोजलं जातं. फरक २.१६ मिमी, हीच बेंडची वजावट, आणि ती दर बेंडला. माझा पत्रा ३०० ऐवजी २९५.७ हवा होता. जास्तीचे सव्वाचार मिमी कुठे गेले? प्रत्येक भिंत ६१ ची झाली आणि तळ १८२.१६ चा. त्यापुढचं सांडग्यांचं वर सांगितलंच.

हे आकडे तुमच्या ड्रॉइंगमध्ये जसेच्या तसे उतरवू नका. आतली गोलाई तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरत नाही, ती अण्णांच्या मशीनवर कोणता व्ही, म्हणजे पत्रा ज्यात दाबला जातो ती खाच, लावलाय त्यावर ठरते. माइल्ड स्टीलला ती व्हीच्या रुंदीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी येते. व्ही-८ (८ मिमी रुंद) असेल तर सव्वा मिमीच्या आसपास, व्ही-१२ असेल तर २ मिमी. व्ही-१२ ला वजावट अडीच मिमीच्या जवळ जाते. दोन बेंडमध्ये पाऊण मिमीचा फरक पडला तर झाकण एक तर अडकतं, नाही तर खडखडतं.

यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे. त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमी लांबीची पट्टी कापून न्या, त्याच मशीनवर त्याच व्हीमध्ये मधोमध काटकोनात वळवून घ्या आणि दोन्ही पाय बाहेरून व्हर्नियरनं मोजा. बेरीज १०२.२ आली तर तुमची वजावट २.२. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि मगच लेझरची फाइल काढा. पट्टीला पाच मिनिटं लागतात. बहुतेक ऑपरेटर त्याचे पैसेही मागत नाहीत, चहा सांगितला तर नक्कीच नाहीत.

ड्रॉइंगवर प्रत्येक मापाशेजारी 'बाहेरून' किंवा 'आतून' असं लिहा. बेंड वर की खाली, तेही. मशीनवर कानडी बोलणारे अण्णा असोत की मराठी बोलणारे मामा, बाण काढलेला असला की भाषेचा प्रश्न येत नाही.

बेंडचा क्रमही आधीच विचारून घ्या. चारही बाजू वर आणि त्यांच्या कडा पुन्हा आत, असा डबा कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत होतो. प्रत्यक्षात चौथी बाजू वळवताना आधी वळलेली कड पंचला, म्हणजे वरून दाबणाऱ्या पात्याला, आपटते. फ्लँजही, म्हणजे वळवायची कड, फार छोटा ठेवू नका. व्ही-८ वर सहा-सात मिमीपेक्षा कमी आणि व्ही-१२ वर नऊ-दहापेक्षा कमी असला की कड व्हीमध्ये घसरते आणि बेंड वाकडा येतो. मी आता आधी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं मॉडेल करतो. कागद जिथे हाताला वळवता येत नाही, तिथे अण्णांनाही वळवता येणार नाही.

गेजमध्ये बोलणं

"अठरा गेज द्या" म्हटलं की १.२ मिमी मिळतो, तोवर ठीक. सोळा गेज म्हटलं तर ब्रिटिश मापानं १.६ आणि अमेरिकन मापानं १.५. ॲल्युमिनियमला गेजचा तक्ताच वेगळा, तिथे अठरा म्हणजे जेमतेम १ मिमी. मिमीमध्ये बोला आणि पत्रा हातात आल्यावर व्हर्नियर लावा. आठ लिटरच्या डब्याला १ किंवा १.२ मिमीचा सीआरसीए (थंड लाटलेला साधा पोलादी पत्रा) पुरतो. दीडच्या वर गेलात तर डबा उगाच जड होतो, शिवाय बोर्डाबरोबर येणारी आय-ओ शील्ड (मागच्या यूएसबी-नेटवर्कच्या तोंडांभोवतीची पातळ पत्र्याची चौकट) जाड पत्र्यात नीट अडकत नाही. ॲल्युमिनियमच हवं असेल तर ५०५२ जातीचं मागा. ६०६१-टी६ घट्ट बेंडला बाहेरच्या बाजूनं फाटतं.

बोर्डाची चार भोकं चौकोनात आहेत असं समजणं

दिसतात तशी, पण नाहीत. १५७.४८ × १५४.९४ मिमीचा आयत काढा, त्याच्या तीन कोपऱ्यांवर तीन भोकं बसतात. चौथं मात्र कोपऱ्यापासून २२.८६ मिमी आत सरकलेलं असतं. फोटोवरून अंदाजानं काढलेल्या ड्रॉइंगमध्ये हेच चुकतं. त्याहून मजेदार चूक म्हणजे भोकं बरोबर, पण आरशातली. पत्रा आतून बघून काढलेलं ड्रॉइंग बाहेरून बघून वळवलं की असं होतं. आय-ओ शील्डचा कट १५८.७५ × ४४.४५ मिमी. तो स्टँडऑफपासून, म्हणजे बोर्ड उचलून धरणाऱ्या छोट्या खुंटीपासून, किती वर आणि किती बाजूला हे ठरवताना शील्ड बोर्डाला लावून, बोर्ड स्टँडऑफवर ठेवून मोजा. ६.३५ चा स्टँडऑफ धरून ड्रॉइंग केलं आणि बाजारात ८ चा मिळाला म्हणून तो लावला, तर यूएसबीची तोंडं पत्र्याआड जातात.

फाइल

लेझरवाल्याला ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल १:१ मध्ये द्या, रेघा बंद असू द्या, एकावर एक दोन रेघा नकोत. आणि एकक सांगा. मिमीमध्ये काढलेली फाइल मशीननं इंचात उघडली की १७० चं ४३१८ होतं. "दादा, हे कॅबिनेट हाय की बसस्टॉप?" असं तिथल्या पोरानं मला विचारलं होतं.

बेंडजवळ भोक

बेंडच्या रेघेला चिकटून भोक ठेवलं की वळताना ते ओढलं जाऊन लंबगोल होतं. भोकाची कड आणि बेंडची सुरुवात यांत निदान पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट अंतर सोडा, आतल्या गोलाईएवढं त्यात मिळवा. जिथे दोन बेंड कोपऱ्यात भेटतात तिथे छोटी खाच ठेवा: रुंदी निदान पत्र्याच्या जाडीएवढी आणि खोली जाडी अधिक गोलाई. ती नसेल तर कोपरा फाटतो किंवा फुगतो.

पत्र्यातच आटे पाडणं

एम३ च्या, म्हणजे ३ मिमी स्क्रूच्या, आट्याची पिच (दोन आट्यांतलं अंतर) अर्धा मिमी. १.२ मिमीच्या पत्र्यात दोन आटे बसतात, तिसरा अर्धवट. चार वेळा झाकण उघडलंत की स्क्रू नुसता फिरत राहतो. रिव्हनट (भोकात रिव्हेटसारखा बसणारा नट) लावा किंवा मागून नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंग टॅकचंच, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं, हवं. पातळ पत्र्यावर सलग शिवण घातली की पत्रा पापडासारखा वर येतो.

स्क्रूंची दुसरी गंमत अशी की कॉम्प्युटरमध्ये दोन जाती राहतात. पॉवर सप्लायला आणि ३.५ इंची डिस्कला ६-३२ (इंची मापाचे आटे), एसएसडीला एम३. बोर्डाच्या स्टँडऑफमध्ये दोन्ही सापडतात. एम३ चा स्क्रू ६-३२ च्या भोकात जातो, पण ढिला राहतो. उलटं केलंत तर आटे खरवडले जातात. ६-३२ चे आटे पाडायचा टॅप साध्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळत नाही, म्हणून जिथे निवड माझ्या हातात असते तिथे मी सगळीकडे एम३ वापरतो.

हवेची भोकं मोजून न ठेवणं

भरपूर भोकं पाडली म्हणजे हवा येते असं नाही. एकाआड एक रांगेत ४ मिमीची भोकं ६ मिमी अंतरानं पाडली, तर उघडा भाग चाळीस टक्केच होतो. बाकीचा साठ टक्के पत्राच. तीच भोकं ५ मिमीची केली, अंतर तेच ठेवलं, तर त्रेसष्ट टक्के. एका मिमीनं एवढा फरक पडतो. लेझरला मात्र प्रत्येक भोक नव्यानं टोचावं लागतं, त्यामुळे शेकडो भोकांचं बिल वाढतं आणि तापून पातळ पत्रा वाकतो. १२० मिमीच्या फॅनसाठी गोल कट आणि त्यावर तयार जाळीचा पत्रा रिव्हेट करणं मला स्वस्त पडलं. फॅनच्या स्क्रूंचं अंतर १२० च्या फॅनला १०५ आणि ९२ च्या फॅनला ८२.५ मिमी असतं.

पावडर कोटिंगला सगळं तसंच पाठवणं

कोटिंगचा थर ६० ते ८० मायक्रॉन असतो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण भोकाच्या दोन्ही बाजूंनी तो बसतो आणि ३.२ चं भोक ३.०५ होतं. मी आता ३.५ चं ठेवतो. आट्यांमध्ये पावडर भरली तर भट्टीतून आल्यावर पुन्हा टॅप फिरवावा लागतो. आधीच सिलिकॉनचे बूच किंवा उष्णता सोसणारी टेप लावा. साधी चिकटपट्टी १८०–२०० अंशांवर जळून चिकटते. बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेले काटे, कानसेनं काढून मगच पाठवा. धारदार कडेवर पावडर नीट धरत नाही आणि पुढे तिथूनच गंज सुरू होतो.

खरी काळजी अर्थिंगची. पावडर कोटिंग वीज वाहू देत नाही. सगळे भाग सगळीकडून रंगवून एकमेकांना जोडले तर पॉवर सप्लायचं अर्थिंग फार तर त्याच्या स्वतःच्या पत्र्यापर्यंत पोचतं, झाकण अधांतरीच राहतं. म्हणून पॉवर सप्लाय जिथे स्क्रूनं बसतो तिथे, आणि झाकणाच्या एका तरी स्क्रूखाली, आतल्या बाजूनं रुपयाएवढी जागा उघडी ठेवा आणि दातेरी वॉशर घाला. प्लग सॉकेटमधून काढून मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या जाड पिनला आणि दुसरं झाकणाच्या उघड्या स्क्रूला लावा. एक ओहमच्या आत आलं पाहिजे.

एवढं करूनही हाताला मुंग्या येत असतील तर दोष कॅबिनेटचा नाही, भिंतीतल्या सॉकेटचा आहे. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडा करंट मुद्दामच अर्थकडे सोडतात. सॉकेटला अर्थिंग नसलं की पत्र्यावर मीटरला शंभरएक व्होल्ट दिसतात. शहापूरकडच्या जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो आणि वायरी दोनच, हे मी स्वतः उघडून बघितलंय. इलेक्ट्रिशियनला बोलवा. थर्माकोलवर कॅबिनेट ठेवणं हा उपाय नाही.

पावसाळ्यात पत्रा ठेवून देणं

जुलैमध्ये कापलेला सीआरसीए मी दोन रात्री व्हरांड्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यावर बोटांचे नारिंगी ठसे उमटले होते, माझेच. आपल्याकडच्या पावसात कापल्या दिवशीच तेलाचा हात फिरवा आणि कोटिंगवाल्याची तारीख आधी ठरवून मगच कटिंगला जा.

सगळं बसवलं, पण मशीन चालूच होत नाही

आधी बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून चालवा. तिथे चाललं तर गुन्हेगार पत्रा. बहुतेक वेळा बोर्डाखाली नको तिथे एखादा स्टँडऑफ उरलेला असतो, नाही तर आय-ओ शील्डची पत्र्याची जीभ वाकून यूएसबी किंवा नेटवर्कच्या खोबणीत गेलेली असते. बोर्ड आत असताना 'फक्त एक भोक' ड्रिल केलं असेल तर बारीक कीस शोधा. स्टीलचा असेल तर लोहचुंबकाला येईल, ॲल्युमिनियमचा येणार नाही, तिथे ब्रशच.

आणि मशीन चालू होऊन चारेक सेकंदांत बंद पडत असेल तर पुढचं बटण बघा. दाबलं की दाबलेलंच राहणारं बटण घेतलं असेल, तर बोर्डाला वाटतं तुम्ही बोट उचललंच नाही, आणि चार सेकंद दाबून धरणं म्हणजे बळजबरीनं बंद करणं. दारावरच्या बेलसारखं, सोडलं की परत येणारं बटण मागा. खात्री करायची तर बटणाची वायर काढा आणि बोर्डावरच्या त्या दोन पिन स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडा. चालूच राहिलं, तर बटण बदला.