जुनी चोवीस इंची सायकल: आधी फ्रेम पाहावी, मग रंग

हर्क्युलीस, रॅले, ॲटलस किंवा हिरो अशा नावांची जुनी काळी चोवीस इंची (हे माप फ्रेमचे, चाकाचे नव्हे) सायकल विकत घेऊन पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर घासाघीस करण्यापूर्वी तिची फ्रेम तपासावी. टायर, छर्रे, चेन, पायडल हे सारे बदलता येते, किरकोळ वाकलेली पोलादी फ्रेमही जाणकार कारागीर सरळ करून देतो. परंतु आतून गंजून पोकळ झालेल्या नळीवर खर्च करण्यात अर्थ नसतो.

प्रथम हँडलखालच्या उभ्या नळीच्या मागे, जिथे वरची दांडी आणि खालची तिरकी नळी येऊन मिळतात, त्या जोडांच्या खालच्या बाजूने बोट फिरवावे. सायकल समोरून जोरात आदळली असेल तर तिथे रंगाला आडव्या भेगा पडलेल्या असतात किंवा पत्र्याला बारीक सुरकुती आलेली बोटाला जाणवते. वरून नवा रंग दिलेला असला तरी सुरकुती लपत नाही, म्हणून डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, मागे दबला आहे का, हे बाजूला उभे राहून पाहावे.

यानंतर दोरा लावावा. मागच्या चाकाचा आस जिथे बसतो त्या एका बाजूच्या खाचेला दोरा बांधून तो हँडलखालच्या उभ्या नळीला पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणावा आणि सीटच्या नळीपासून दोऱ्याचे अंतर दोन्हीकडे मोजावे. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून अधिक असेल तर किंमत उतरवून मागावी.

गंज मात्र बाहेरून कळत नाही. सीटच्या नळीतून उतरलेले पाणी पायडलच्या आसाभोवती साचते, त्यामुळे कोकणातल्या किंवा पावसात उघड्यावर राहिलेल्या सायकलीचा तेवढा भाग खोलून पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी आधी कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलची दांडी) आसाला घट्ट धरणारी पाचर, काढावी लागते आणि बहुतेकांचे हात इथेच घाई करतात. नट पूर्ण काढू नये. तो पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल करावा, म्हणजे हातोड्याने आटे दबत नाहीत. रात्रभर रॉकेल मुरू द्यावे, क्रँकखाली पोकळ लोखंडी नळीचा भक्कम टेकू द्यावा आणि एकच नेमका ठोका मारावा. हलक्या हातांनी दहा ठोके मारल्यास पीन वाकते आणि मग ड्रिल करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. डावा पायडल उलट आट्यांचा असतो, हेही लक्षात असू द्यावे.

फ्रेम मोकळी झाली की आत जवसाचे उकळलेले तेल ओतून ती सर्व बाजूंनी फिरवावी आणि उरलेले तेल निथळू द्यावे. वाळल्यावर नळीच्या आत पातळ थर बसतो. मूळ रंग व सोनेरी रेघा टिकून असतील तर माझ्या मते नव्या रंगाचा मोह टाळावा.

या सायकलीवर बसल्यावर जाणवणाऱ्या आरामाचे सगळे श्रेय पोलादाला देण्याची आपल्याकडे सवय आहे. मला वाटते, त्यात फ्रेमच्या अधिक कललेल्या कोनांचा, दोन चाकांमधल्या लांब अंतराचा आणि जाड टायरांचा वाटा अधिक आहे. म्हणून टायर निवडताना चूक करू नये: या रिमचे माप २८ × १½ (इंचांत, टायर धरून), म्हणजे टायर बसतो तिथला व्यास ६३५ मिमी असतो आणि ७०० सी या आजच्या प्रचलित मापाचा ६२२ मिमीचा टायर त्यावर बसत नाही.

जोडणी झाल्यावर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर कॉटरचा नट पुन्हा आवळावा, कारण नवी पीन बसताना थोडी सैल पडते. सळईचे ब्रेक कोरड्या रस्त्यावर पुरेसे असले तरी पोलादी रिम ओली झाली की ते फारसे धरत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात उतारावर वेग आधीपासूनच आवरता ठेवावा.