कॉलेज सोडायचं की थांबायचं? केटी लागल्यावर या चुका टाळा

निकाल लागला की दोन-तीन दिवसांत कुणीतरी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभं राहतं. ‘मॅडम, थोडं बोलायचं होतं.’ त्यापुढे बराच वेळ शब्द फुटत नाही. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणित शिकवते, मुलं ज्याला एम-थ्री म्हणतात ते. केटी (नापास होऊन पुन्हा द्यावे लागणारे पेपर) याच विषयात भरपूर लागतात, त्यामुळे त्या मुलांना काय विचारायचंय ते मला आधीच कळतं. सोडून देऊ का?

कॉलेज सोडण्यात कमीपणा आहे असं मी मानत नाही. मला धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. नाव हजेरीपटावर आहे, फी भरली आहे आणि मुलगा रूमवर पांघरूण घेऊन पडलाय. धड कॉलेजात नाही, धड बाहेरही नाही. असं एक सेमिस्टर जातं, मग दुसरं. खालच्या बहुतेक चुका मुलांना तिथेच नेऊन सोडतात.

निकालाच्या दिवशीच ठरवून टाकणं

त्या दिवशी काहीच ठरवू नका. एकच काम करा: उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज. त्याची मुदत थोडी असते आणि रडण्यात, भांडण्यात ती निघून जाते. बरीच मुलं फोटोकॉपी फक्त रीव्हॅल्युएशनसाठी, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घ्यायला, मागवतात. मी म्हणेन, मार्क वाढोत न वाढोत, ती स्वतःसाठी मागवा आणि समोर घेऊन बसा. प्रश्न कोरे सोडलेत? सुरुवात बरोबर आणि मध्येच गाडी अडकली? की सगळं लिहूनही मुळातच चुकलंय? तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही.

‘मला इंजिनिअरिंग जमत नाही’ असा एकच शिक्का मारणं

एम-थ्रीचं उदाहरण देते, कारण ते मला आतून माहीत आहे. लाप्लास, फूरिए, डिफरन्शियल इक्वेशन ही नावं ऐकूनच मुलं घाबरतात. वही तपासली की दिसतं, मुलगा लाप्लासमध्ये अडलेलाच नाही. तो अडलाय बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये. पार्शल फ्रॅक्शन येत नाही, बाय पार्ट्स करताना चिन्ह चुकतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचं तर आणखी अवघड. त्यांनी बारावीही केलेली नसते आणि एम-वन, एम-टूही नाही. वर्गात सगळ्यांना येतंय ते आपल्यालाच येत नाही, म्हणजे आपली बुद्धीच कमी, असं ती धरून चालतात. ही पोकळी रोज तास-दीड तास बसलं तर दोन महिन्यांत बऱ्यापैकी भरते. त्यासाठी पदवी सोडायची गरज नाही.

दुसरी मुलं वेगळी असतात. रात्री नोकरी करून सकाळी वर्गात डुलक्या घेणारी. रोज जाऊन-येऊन चार तास एसटीत घालवणारी. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली आणि इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला अर्धा तास लागणारी. घरी कुणीतरी आजारी असलेली. इथे आधी परिस्थिती हलवावी लागते, अभ्यासाचं नंतर.

आणि काहींना खरंच हे नको असतं. वर्कशॉप नको, कोडिंग नको, कशातच जीव नाही. सीईटीला मार्क पडले, कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीत, नंबर लागला म्हणून आले. केटी सुटल्या तरी आपल्याला हे करायचंय का, असं विचारून पाहा. पास झालेल्या विषयांबद्दलही मनातून ‘नको’ येत असेल, तर तुमचा प्रश्न केटीचा नाहीच.

घरी न सांगणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. माझा एक विद्यार्थी जवळजवळ वर्षभर सकाळी डबा घेऊन घरातून निघायचा आणि संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर, बागेत, वाचनालयात बसून परत जायचा. कॉलेजचं पत्र घरी गेलं तेव्हा वडिलांना कळलं. ते मला भेटायला आले. केटींबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. ‘इतके दिवस हा एकटाच होता हो,’ एवढंच परत परत म्हणत राहिले.

आई-बाबांना एकदम सांगवत नसेल तर आधी ताई, दादा, मामा, आत्या, ज्यांच्याशी जमतं त्यांना सांगा आणि सोबत घेऊन बसा. मार्कलिस्ट समोर ठेवा. किती विषय राहिलेत, पुढच्या वर्षात जाता येतं की नाही, हे स्वतः सांगा. बाहेरून कळलं की घरचे आधी खोटं बोलल्याबद्दल रागावतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर कॉलेजचा विषय पूर्ण बाजूला ठेवा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आजच फोन करा, आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवून घ्या.

कागदपत्रं न बघता बाहेर पडणं

सोडायचं ठरलं तरी नुसतं जायचं बंद करू नका. रीतसर अर्ज करा, टीसी घ्या, दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर मायग्रेशनचा दाखला घ्या. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजने अडकवून ठेवायचे नाहीत आणि फी आगाऊ घ्यायची तर फक्त चालू वर्षाची किंवा सेमिस्टरची, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. ‘उरलेल्या वर्षांची फी भर, मग कागद देतो’ असं कुणी म्हणालं तर लेखी मागा.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला आधी सांगा. हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यानंतर सुरू होतात. मध्येच सोडल्यावर ती सवलत तशीच राहील असं धरू नका. महाडीबीटीची शिष्यवृत्ती असेल तर वर्ष वाया गेल्यावर तिचं काय होतं, हे स्टुडंट सेक्शनला विचारा.

तुमची क्रेडिट्स, म्हणजे पास झालेल्या विषयांचे गुणांक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा आहेत का, हेही तपासा. तिथे ती सात वर्षांपर्यंत वापरता येतात. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र, दुसरं झाल्यावर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. पण त्यासाठी त्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात. दोन विषयांसाठी पदविका हातची जाणार असेल, तर ते दोन सोडवूनच निघा.

पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम, मध्येच बदलतो, हेही लक्षात घ्या. पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंगचा २०१५चा पॅटर्न गेला, २०१९चा आला, मग २०२४चा. ‘नंतर कधीतरी केटी काढू’ म्हणून चार वर्षं गेली की जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षाच बंद झालेल्या असतात.

पुढचं काही न ठरवता सोडणं

‘एमपीएससी करतो’ हे मी खूप ऐकते. राज्यसेवेला पदवी लागते. ती नसताना पुण्यात खोली घेऊन अभ्यासिकेत बसणं म्हणजे जागा बदलून तेच दिवस काढणं. बीसीए, बीएस्सी, बीकॉम करायचं असेल तर प्रवेश कधी सुरू होतात ते आधी बघा. जानेवारीत सोडलंत तर जूनपर्यंत काय करणार तेही ठरवा. कमवणं भाग असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच गरजेसाठी उभं आहे. हाताचं काम आवडत असेल तर आयटीआयकडे मान खाली घालून बघू नका.

थांबायचं ठरवून तसंच वागत राहणं

थांबायचं असेल तर एका सेमिस्टरपुरतं थांबा, आणि कशावरून ठरवणार ते आज कागदावर लिहा. हजेरी ७५ टक्के. प्रत्येक विषयाच्या मागच्या पाच प्रश्नपत्रिका हाताने सोडवायच्या. आठवड्यातून एकदा एका शिक्षकाला वही दाखवायची. सगळे बॅकलॉग, म्हणजे राहिलेले विषय, एकाच वेळी काढायचा हट्ट नको. सगळ्यात जवळचे दोन आधी निवडा. इयर डाउन असेल, म्हणजे पुढच्या वर्षात जाता येत नसेल, तर घरी बसू नका, ज्युनिअर्सच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. लाज पहिले चार दिवस वाटते.

हे सगळं प्रामाणिकपणे करूनही विषय सुटले नाहीत, तर निघा. तेव्हा मी स्वतः तुमच्यासोबत ऑफिसात टीसीचा अर्ज द्यायला येईन. दोघांसोबत गेलेय. त्यातला एक आज शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करतो आणि दिवाळीला न चुकता फोन करतो.

पालकांना एक विनंती. संध्याकाळी ‘किती सुटले, किती राहिले’ असं विचारू नका. आज वर्गात कुठे बसला होतास, कुणाशी बोललास, जेवलास का, असं विचारा. मूल कॉलेजात जातंय की बसस्टँडवर, ते तेवढ्यात कळतं.